डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलं आणि वर गाडी सुरूही केली (रस्त्याकडेला बसून लिहितेय)

सांजवेळ | सायं. ६:४८

हसायचं असेल त्यांनी आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

आज भाऊजींची गाडी घेऊन निघाले होते. माझी पेट्रोल, त्यांची डिझेल. दोन्ही एकाच कंपनीच्या, आत बसलं की डॅशबोर्डसुद्धा तोच. पंपावर हात सवयीने नेहमीच्या नोझलकडे गेला. पावती वाचली तेव्हा डोळे उघडले: २२ लिटर पेट्रोल. टाकीत आधी साधारण पाव टाकी डिझेल होतं.

पुढचा मूर्खपणा याहून मोठा आहे. मागे तीन-चार गाड्या खोळंबल्या होत्या. त्यातल्या एकाने हॉर्नवर ठेवलेला हात उचलेचना. मी इतकी ओशाळले की "आधी बाजूला तरी घेऊ" म्हणून गाडी सुरू केली, चाळीसेक पावलांवर झाडाखाली आणली आणि बंद केली. मिनिटभरही चालली नसेल. आवाज नेहमीचाच होता, धूर वगैरे काही नाही.

मदतीच्या नंबरवर फोन केलाय, दीड तास म्हणाले. तोवर इथे जमलेल्यांपैकी एक जण म्हणतोय वरून डिझेल भरून टाकी फुल्ल करा, काही होत नाही. दुसऱ्याच्या मते इंजिन कामातून गेलंच. कोणाचं ऐकू? आणि भाऊजींना आत्ता सांगू की गाडी ठीक झाल्यावर?

---

मीटरगेज | ६:५३

बापरे! भाऊजींना आत्ताच सांगा. गाडीचे कागद आणि पॉलिसी त्यांच्या नावावर असणार, मदतीला येणारे तेच विचारतील.

बाकी जाणकार येतीलच. वाचतोय.

---

वंगणवाला | ७:०२

ताई, पहिलं काम म्हणजे चावी गाडीपासून लांब ठेवा. पर्समध्ये घेऊन गाडीत बसू नका. इग्निशन ऑन झालं की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद फिरतो आणि इंधन पुढे ढकलतो. काही गाड्यांत तर नुसतं ड्रायव्हरकडचं दार उघडलं तरी फिरतो. एसी नको, मोबाइल चार्जिंग नको, काच वर-खाली करणं नको.

आता "आवाज नेहमीचाच होता" याबद्दल. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत आणि फिल्टरमध्ये जुनं डिझेल भरलेलं असतं. गाडी मिनिटभर त्याच्यावरच चालली. म्हणजे पेट्रोल बहुधा अजून पुढे पोचलेलंच नाही, आणि हे तुमचं नशीब. लोक फसतात ते इथेच. गाडी सुरळीत चालतेय म्हणून घरी निघतात आणि दोन-चार किलोमीटरवर खरा खेळ सुरू होतो.

आजच्या डिझेल गाडीत हाय प्रेशर पंप असतो. टायरमध्ये आपण सव्वादोन-अडीच बार हवा भरतो. हा पंप १६०० ते २५०० बारपर्यंत दाब तयार करतो. एवढा दाब सोसणाऱ्या या पंपाला इंजिन ऑइल मिळत नाही, बहुतेक गाड्यांत त्याचं वंगण म्हणजे डिझेलच. डिझेलला अंगचा तेलकटपणा असतो, पेट्रोल उलट तो धुऊन काढतं. मग धातूवर धातू घासतो, बारीक कीस निघतो, तो दाबाखाली इंजेक्टरकडे, म्हणजे इंजिनात इंधनाचा फवारा मारणाऱ्या तोटीकडे जातो. इंजेक्टरची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात. उरलेलं इंधन परतीच्या नळीने पुन्हा टाकीत येतं, त्याबरोबर कीसही. त्यानंतर नुसती टाकी साफ करून भागत नाही. पंप, रेल (सगळ्या इंजेक्टरांना दाबाखालचं इंधन पुरवणारी जाड नळी), नळ्या, इंजेक्टर सगळं उघडावं लागतं.

मी याच पंपांच्या दुरुस्तीत आहे. टेबलावर उघडल्यावर आत चंदेरी चकमक दिसली की गिऱ्हाइकाला फोन करायचं जिवावर येतं.

---

खडखडाट | ७:१०

उगाच घाबरवू नका हो बाईंना. आमच्या जुन्या जीपमध्ये थंडीत डिझेल दाट व्हायचं तेव्हा वडील हाताने मापून थोडं पेट्रोल किंवा रॉकेल घालायचे. कितीतरी वर्षं चालली ती गाडी. वरून डिझेल भरा, हळू चालवा, संपत आलं की पुन्हा भरा. हल्ली सगळे गॅरेजवाले बिलं वाढवायला बसलेत.

---

वंगणवाला | ७:१७

@खडखडाट, तुमचे वडील चुकत नव्हते. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते धरतं आणि फिल्टर तुंबतो. त्यावर थोडं रॉकेल-पेट्रोल घालणं हा माहितीतला उपाय होता, काही कंपन्यांच्या जुन्या पुस्तिकांतही तो सापडेल. पण त्या गाडीचा पंप आणि हा पंप यांचं नातं फक्त नावापुरतं. जुन्या पंपाचा दाब काहीशे बार. अशा सामाईक रेलची, म्हणजे कॉमन रेलची पहिली प्रवासी गाडी १९९७ साली आली, अल्फा रोमिओ १५६. त्यानंतर डिझेल इंजिनाची जातच बदलली. आता जवळपास सगळ्या पुस्तिकांत एकच ओळ असते: पेट्रोल मिसळू नये, चुकून गेल्यास इंजिन सुरू करू नये.

आणि तुमच्या वडिलांचं प्रमाण काय होतं? इथे पेट्रोल डिझेलपेक्षा जास्त आहे.

---

चौथागिअर | ७:२१

हिशेबच करू. टाकी ५० लिटरची धरली तर १२ डिझेल, २२ पेट्रोल, उरली जागा १६ लिटर. काठोकाठ डिझेल भरलं तरी ४४ टक्के पेट्रोल. याला "थोडंसं मिसळलं" कसं म्हणायचं?

शिवाय हे १६ लिटर भरून उपसायला जास्तच काम.

---

खडखडाट | ७:२४

४४ टक्के जरा जास्त होतंय, मान्य. पण गॅरेजवाल्यांबद्दलचं मत कायम.

---

मीटरगेज | ७:२६

वेडा प्रश्न. पेट्रोल हलकं, डिझेल जड. तासभर गाडी उभी ठेवली तर वेगवेगळं होऊन खालचं डिझेल नळीत जाणार नाही का?

---

वंगणवाला | ७:३०

वेडा नाही, हा प्रश्न दर वेळी येतो. पेट्रोलची घनता ०.७२ ते ०.७७, डिझेलची ०.८२ ते ०.८४ च्या आसपास. पण दोन्ही एकाच कुळातली, एकमेकांत पूर्ण विरघळतात. वर्षभर उभी ठेवा, थर पडणार नाहीत. पाणी असतं तर तळाशी बसलं असतं.

---

सांजवेळ | ७:३३

सगळ्यांचे आभार. चावी पंपावरच्या मुलीकडे देऊन आले.

भाऊजींना फोन केला. आधी बराच वेळ गप्प होते, मग "तू ठीक आहेस ना?" एवढंच विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

इथे एक काका रबरी नळी आणि बादली घेऊन आलेत. तोंडाने ओढून काढतो म्हणतायत, "पूर्वी अशीच काढायचो." काढू देऊ का?

---

रात्रपाळी | ७:३५

नको नको नको. थांबवा त्यांना.

मी रस्त्यावरच्या मदतीच्या गाडीवर काम करतो. तोंडात गेलेलं पेट्रोल ठसक्याबरोबर फुफ्फुसात उतरलं तर माणूस दवाखान्यात जातो. बऱ्याच नव्या गाड्यांत नळी टाकीपर्यंत पोचतही नाही, तोंडाशी झडप किंवा जाळी असते. आणि प्लास्टिकच्या बादलीत पेट्रोल पडताना स्थिर वीज साठते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, दहा पावलांवर कोणी विडी ओढत असेल तरी पोचते. डिझेल तसं पेटायला आळशी, त्याची वाफ ठिणगीने पेट घ्यायला ते पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर तापावं लागतं. पण त्यात जरासं पेट्रोल मिसळलं की सगळं मिश्रण पेट्रोलसारखंच धोक्याचं. तुमच्या टाकीत तर अर्ध्याहून जास्त आहे.

काकांना नमस्कार सांगा आणि नळी गुंडाळायला सांगा.

आता एक विचारतो, खरं सांगा. मदतीच्या नंबरवर फोन केलात तेव्हा नक्की काय शब्दांत सांगितलंत?

---

सांजवेळ | ७:३९

...गाडी सुरू होत नाहीये, असं सांगितलं.

चुकीचं पेट्रोल भरलं म्हणायला कसंतरीच वाटलं.

---

रात्रपाळी | ७:५२

वाटलंच. दहातले बरेच जण असंच सांगतात.

आत्ताच्या आत्ता पुन्हा फोन करा. "सुरू होत नाही" म्हटलं की आमच्याकडे बॅटरीवाला निघतो. तो येणार, केबल लावणार आणि म्हणणार, "ताई, मारा सेल्फ." तुम्ही मारणार. आता वंगणवाला भाऊंनी वर काय लिहिलंय ते परत वाचा.

फोनवर हे सांगा: डिझेल गाडीत पेट्रोल गेलंय, साधारण २२ लिटर, आधी टाकी पाव होती. इंजिन एकदा सुरू झालंय, मिनिटभर. गाडीचं मॉडेल, साल, मॅन्युअल की ऑटोमॅटिक, टू व्हील की फोर व्हील ड्राइव्ह. गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला, कशी उभी आहे. आणि विचारा, टाकी रिकामी करणारी गाडी पाठवता की फक्त उचलून नेणारी? दोन्ही वेगळ्या असतात. इंधन काढणाऱ्या गाडीत ठिणगी न उडवणारा पंप, अर्थिंगची वायर, बंद पिंप आणि अग्निशामक असतो. ती जवळपास नसेल तर फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक मागा.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर दोन चाकं उचलून ओढू देऊ नका. ऑटोमॅटिकमध्येही चालणारी चाकं जमिनीवर नकोत, गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन चालल्याशिवाय फिरत नाही. फोर व्हील ड्राइव्हची अजून एक भानगड म्हणजे काहींची टाकी खोगिरासारखी असते, मधून शाफ्ट जातो आणि दोन बाजूंना दोन कप्पे. एकच बाजू उपसली की वाटतं झालं, दुसऱ्या बाजूला आठ-दहा लिटर तसंच राहतं. काम करणाऱ्याला आठवण करून दिलीत तर तो रागावणार नाही. रागावला तर मुद्दाम बघत उभ्या राहा.

ओढायचा हुक डिकीत स्टेपनीपाशी असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून आत पिळून बसवायचा. बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे डावीकडे फिरवल्यावर बसतो. हे माहीत नसल्यामुळे "हुकच चुकीचा दिलाय" म्हणून भांडणारे मी पाहिलेत.

आणि तुम्ही गाडीत बसू नका. वाहत्या रस्त्यापासून लांब, गाडीच्या पुढे नाही, बाजूला थांबा. मागे त्रिकोण ठेवा, धोक्याचे दिवे चालू. ते दिवे बहुतेक गाड्यांत इग्निशनशिवाय लागतात.

---

चौथागिअर | ७:५८

@रात्रपाळी, एक शंका. सुरू करायची नाही हे कळलं, पण नोझलसमोरून गाडी हलवायची कशी? ढकलायला स्टेअरिंग सुटायला हवं, त्यासाठी चावी फिरवायला हवी, आणि चावी फिरवायची नाही!

---

रात्रपाळी | ८:०६

बरोबर पेच पकडलात.

चावीच्या गाडीत पहिल्या खटक्यापर्यंतच फिरवायची. स्टेअरिंग सुटतं, पंप फिरत नाही. दुसरा खटका म्हणजे इग्निशन, तिथे जायचं नाही. बटणाच्या मॅन्युअल गाडीत क्लचवर पाय न ठेवता एकदाच दाबलं तर साधारण तेच होतं, पण गाडीगणिक फरक आहे. ऑटोमॅटिकची खरी पंचाईत. पार्कमधून काढायला ब्रेक दाबावा लागतो, आणि ब्रेक दाबून बटण दाबलं की इंजिन सुरू. काही गाड्यांत गिअर लिव्हरशेजारी छोटं झाकण असतं, त्याखालचा खटका दाबून लिव्हर न्यूट्रलला नेता येते. ते सापडत नसेल तर गाडी आहे तिथेच राहू द्या, आम्ही चाकांखाली सरकपट्ट्या घालून ओढतो.

ढकलताना लक्षात ठेवा, इंजिन बंद असताना स्टेअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर कडक होतो. उतार असेल तर ढकलूच नका.

मागे जो हॉर्न वाजवत असतो ना, त्यालाच उतरून ढकलायला बोलवायचं. काच खाली करून सांगायचं, "चुकीचं इंधन भरलंय, हात लावा." हॉर्न तत्काळ थांबतो. हा माझा अनुभवसिद्ध उपाय.

---

सांजवेळ | ८:११

पुन्हा फोन केला. खरं सांगितलं. पलीकडची बाई जराही हसली नाही, म्हणाली बरं झालं सांगितलंत, बॅटरीवाला निघाला होता, त्याला परत बोलावते. इंधन काढणारी गाडी पाठवतायत, अजून तासभर.

---

रेघोटी | ८:२०

वाट बघताय तोवर विम्याचं. बऱ्याच पॉलिसींत चुकीचं इंधन भरणं हा अपघात धरत नाहीत, इंजिनाच्या आतल्या नुकसानीसाठी वेगळं जोडकलम घ्यावं लागतं आणि त्यातही अटी असतात. रस्त्यावरची मदत हे अजून तिसरं कलम. त्यात "चुकीचं इंधन" हे शब्द आहेत का, की फक्त "ओढून नेणे", ते भाऊजींना कागदातून वाचायला सांगा. कळल्यानंतरही गाडी चालवली तर पुढचं नुकसान नाकारायला त्यांना कारणच मिळतं. पावती जपून ठेवा. मीटरचा आणि आत्ता जिथे गाडी उभी आहे तिथला फोटो काढा, म्हणजे किती चालली ते दिसेल.

---

चौथागिअर | ८:३१

माझ्या बाबतीत उलटं झालं होतं. पेट्रोल गाडीत डिझेल, आणि भरणारा पंपावरचा माणूस. मी फोनवर. आठेक लिटर गेल्यावर नाकाला कळलं. तरी "टाकीत निम्मं पेट्रोल आहे" म्हणून निघालो. दोन किलोमीटरवर गाडी आचके द्यायला लागली, मागे पांढरट धूर, इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, चढावर बंद.

तेव्हा शिकलो. डिझेल नीट वाफ होत नाही, प्लगवर काजळी धरते, ठिणगी पडूनही पेटत नाही. न जळलेलं सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन तिथे जळतं आणि तो तापून खराब होऊ शकतो. माझा वाचला. टाकी रिकामी केली, नळ्या धुतल्या, प्लग बदलले, गाडी तीच आहे अजून. पंपवाल्यांनी आधी हात वर केले. पावतीवर "डिझेल" छापलेलं होतं आणि गाडीच्या झाकणावर "पेट्रोल", म्हणून खर्च दिला. पावती नसती तर बसलो असतो बोंबलत.

---

वंगणवाला | ८:३६

उलट्या चुकीत नुकसान बहुतेक वेळा कमी, कारण जुन्या पद्धतीच्या पेट्रोल गाडीत तो नाजूक हाय प्रेशर पंप नसतो. नव्या डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) पेट्रोल गाड्यांत असतो, तेव्हा तिथेही निर्धास्त राहू नका.

अवांतर: ही उलटी चूक बऱ्याच देशांत मुळातच कमी होते. पेट्रोलचं नोझल साधारण २१ मिलिमीटर जाड, डिझेलचं २४-२५. पेट्रोल गाडीचं तोंड अरुंद, त्यात डिझेलचं नोझल शिरत नाही. डिझेलच्या रुंद तोंडात मात्र पेट्रोलचं खुशाल जातं. म्हणजे कमी नुकसानीची चूक अडवलेली आणि जास्त नुकसानीची मोकळी! अर्थात ते अरुंद तोंड यासाठी केलंच नव्हतं. शिसं असलेल्या पेट्रोलने कन्व्हर्टर खराब होतो, ते नव्या गाड्यांत जाऊ नये म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेत ते आलं. हल्ली काही डिझेल गाड्यांच्या तोंडाशी जाड नोझललाच उघडणारी झडप येते.

---

निवांत_प्रवासी | ८:४४

परदेशात भाड्याच्या गाडीने फिरणाऱ्यांनी रंगावर विश्वास ठेवू नये. ब्रिटनमध्ये हिरवं नोझल म्हणजे पेट्रोल, काळं म्हणजे डिझेल. अमेरिकेत बहुधा हिरवं म्हणजे डिझेल. नावाचं तर विचारूच नका. फ्रान्समध्ये गाझोल, स्पेनमध्ये गासोलेओ, इटलीत गाझोलिओ, हे तिन्ही शब्द डिझेलचे! "गॅसोलिन असणार" म्हणून मी नोझल उचललंच होतं, बायकोने हात धरला.

युरोपात २०१८ च्या ऑक्टोबरपासून चिन्हं ठरवलीत, ती पाठ करून जा. गोलात ई लिहिलेलं ते पेट्रोल, चौकोनात बी ते डिझेल, तिरप्या चौकोनात वायू. झाकणाच्या आतही तेच चिन्ह असतं.

---

टाकीभर | ८:५१

नव्या डिझेल गाड्यांत धूर साफ करायला युरियाचं पाणी भरायची वेगळी टाकी असते, त्या निळ्या झाकणात डिझेल टाकणारे पण आहेत. आमच्या ऑफिसच्या गाडीत ड्रायव्हरने त्याच्या उलट केलं, युरियाचं पाणी डिझेलच्या टाकीत. थोडंच होतं म्हणाला. काय होतं त्याने?

---

वंगणवाला | ८:५८

पेट्रोल परवडलं असं होतं. ते ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी, म्हणजे नेमकं पंपाच्या तोंडाशी बसतं. सुकलं की पांढरे खडे होतात, आणि जिथे जाईल तिथे गंज. थोडं असलं तरी सुरू करायचं नाही, टाकी उतरवायची. निळ्या झाकणात डिझेल गेलं तर तिथले रबरी भाग फुगतात आणि धूर साफ करणारी सगळी यंत्रणा बदलायची पाळी येते.

---

सांजवेळ | रात्री ११:४०

घरी पोचले. सविस्तर लिहिते, तुमचं देणं लागते.

गाडी सव्वानऊला आली. माणूस एकटाच. आधी शंकू लावले, बघ्यांना लांब केलं, अग्निशामक काढून जमिनीवर ठेवला, मग एक वायर आमच्या गाडीच्या पत्र्याला चिमट्याने लावली. मग विचारलं, "किती वेळ चालवली?" मी खरं सांगितलं. त्याने बॉनेट उघडून फिल्टरमधून थोडं काचेच्या बरणीत घेतलं, टॉर्चसमोर धरून हलवलं. चकमक नाही म्हणाला. मग दोन थेंब कागदावर टाकले आणि थांबायला लावलं. पेट्रोल असेल तर डाग उडून जातो, डिझेल असेल तर तेलकट ठसा राहतो. डाग बराचसा राहिला, पण आधी होता तेवढा नाही. म्हणजे थोडं पोचलं होतं.

टाकीतून ३३ लिटर निघालं. पण फिल्टर त्याच्याकडे या मॉडेलचा नव्हता, आणि जुना ठेवून सुरू करून देणार नाही म्हणाला. मग फ्लॅटबेड बोलावली. ती हुकाची गंमत खरी आहे @रात्रपाळी, तो डावीकडेच फिरला.

भाऊजी मला न्यायला आले ते माझी गाडी घेऊन. परतताना पंपावर थांबलो, आणि दोघांनीही एकदम वाकून झाकणावरचं स्टिकर वाचलं. त्यानंतर त्यांना जे हसू सुटलं ते घर येईपर्यंत. जाऊबाई अजून काही बोलल्या नाहीत, त्यांची उद्या बघू.

---

रात्रपाळी | ११:५५

फिल्टरशिवाय सुरू न करून देणारा माणूस भेटला, चांगला भेटला. मी ड्युटीवर निघतो.

---

सांजवेळ | दोन दिवसांनी, दु. १:१५

गाडी आली. टाकी उतरवून धुतली, थोडं डिझेल घालून नळ्या एकदा वाहवल्या, तेही टाकून दिलं, नवा फिल्टर डिझेलने भरून बसवला, हवा काढली, मग सुरू. रेलचा दाब कॉम्प्युटर लावून चढावर आणि मोकळ्या रस्त्यावर बघितला, ठीक आहे. फिल्टर हजार किलोमीटरनंतर पुन्हा उघडून बघायचा म्हणालेत. वंगणवाला भाऊ, हे बरोबर आहे की बिल वाढवतायत?

---

वंगणवाला | १:४०

बरोबर आहे. कीस असेल तर त्यात दिसेल. स्वतः समोर उभ्या राहून बघा.

---

खडखडाट | २:०५

ते ३३ लिटर कुठे गेलं? जाळायला, पार्ट धुवायला तरी कामाला आलं असतं.

---

वंगणवाला | २:१२

घातक कचरा म्हणून ते पिंपात बंद करून द्यावं लागतं. त्याने पार्ट धुवायला बसलात तर पेट्रोलची वाफ आणि डिझेलचा तेलकटपणा, दोन्हींचे तोटे एकत्र. चुलीजवळ तर आणूच नका, भडका उडेल.

---

खडखडाट | २:१५

बरं बाबा.

---

मीटरगेज | ४:३०

सगळं वाचलं. एकच राहिलं. त्या हॉर्नवाल्याचं काय झालं?

---

सांजवेळ | ४:५२

त्याचं भरून झालं आणि तो निघाला. झाडापाशी येऊन थांबला, काच खाली करून म्हणाला, "काय झालं ताई, काही मदत हवीय का?"

मी म्हटलं, काही नाही, फोन आलाय म्हणून थांबलेय.